गल्ल्यामागचा चेहरा: व्यावसायिकांच्या फोटोंविषयी वाचकांचे प्रश्न

धंद्यासाठी स्वतःचा फोटो काढून घेण्याविषयी मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. सगळ्यात जास्त पत्रांतली तक्रार एकच: "फोटोत मी मी वाटत नाही." बहुतेक वेळा घोळ अंतराचा असतो. कॅमेरा किती लांब, उजेड किती लांब, मागची भिंत किती लांब. पुढच्या उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येणार आहे, त्याला इलाज नाही.

प्रश्न: माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गूगलवरच्या दुकानाच्या पानावर टाकायला मोबाइलने स्वतःचे बरेच फोटो काढले. प्रत्येकात नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले दिसतात. चांगला कॅमेरा भाड्याने आणावा का?
— हार्डवेअर व्यापारी, इचलकरंजी

कॅमेरा राहू द्या, आधी मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत मोबाइल चेहऱ्यापासून जेमतेम ५० सेंटीमीटरवर असतो. नाकाचं टोक आणि कान यांत १२ सेंटीमीटर धरा. म्हणजे नाक ५० वर, कान ६२ वर. जवळचं मोठं दिसतं, त्यामुळे कानाच्या मानाने नाक जवळपास २४ टक्के मोठं उमटतं. मोबाइल १८० सेंटीमीटरवर, म्हणजे सहा फुटांवर नेला की गणित १८० आणि १९२ चं होतं. फरक सहा-सात टक्क्यांवर येतो. गिऱ्हाईक काउंटरपलीकडून तुम्हाला साधारण याच बेताच्या अंतरावरून बघतं, म्हणून तो चेहरा ओळखीचा वाटतो.

सहा फुटांवरून मोबाइलच्या मुख्य लेन्सने काढलं तर तुम्ही एवढेसे आणि दुकानच जास्त येईल. ही लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची असते (हा आकडा जितका मोठा, तितकं चित्र जवळ येतं). म्हणून जागेवरून न हलता झूम २एक्स किंवा ३एक्स करा. २एक्स म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या आसपास, ३एक्स म्हणजे सत्तर-पंचाहत्तरच्या. स्टुडिओवाले चेहऱ्यासाठी ८५ मिलिमीटरची लेन्स लावतात तीही याच कारणाने. त्या लेन्सने काढायचं तर फोटोग्राफरला लांब उभं राहावंच लागतं, खरी गंमत तेवढीच. मोबाइलला टेलिफोटोची वेगळी लेन्स नसेल तर ३एक्स म्हणजे नुसतं चित्र ताणणं झालं. तेव्हा २एक्सवर थांबा आणि कमरेपर्यंतचा फोटो घ्या.

मोबाइलची लेन्स तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. कामावरचा पोऱ्या मोबाइल स्वतःच्या छातीशी धरतो, मग फोटोत आधी नाकपुड्या आणि हनुवटीच दिसते. लेन्स स्वच्छ कापडाने पुसा. दिवसभर ग्रीसचे हात लागलेल्या मोबाइलवर बोटाचा ठसा असतोच आणि त्याने दिव्याभोवती धुकं उमटतं. उभं राहायची जागा म्हणजे दुकानाचं दार: उंबऱ्यापासून दोन फूट आत, तोंड रस्त्याकडे. बाहेरचं आभाळ समोरून चेहरा उजळतं, छतामुळे थेट ऊन लागत नाही, मागचं दुकान थोडं काळोखं राहतं. आतली ट्यूबलाइट त्या वेळी बंद ठेवा.

पाइप आणि पत्र्यांचे रॅक पाठीमागे आठ-दहा फूट तरी लांब असू द्या. शटर दाबण्याआधी एकदा फक्त डोक्याच्या कडेने नजर फिरवा, पीव्हीसी पाइप डोक्यातून उगवलेला नाही ना बघायला. आणि रंगाच्या कंपनीचं झळकतं नाव तुमच्या कपाळावर येत असेल तर दोन पावलं सरका. जाहिरात तुमची चालली आहे, त्यांची नव्हे. पोर्ट्रेट मोड टाळलेलाच बरा. तो मागचं धूसर करता करता चष्म्याची दांडी, कानाची कड आणि केसांची टोकं खातो.

गूगलला जेपीजी किंवा पीएनजी फाइल लागते, १० केबी ते ५ एमबीच्या आतली. किमान २५० बाय २५० पिक्सेल चालतं, ७२० बाय ७२० असेल तर उत्तम.

प्रश्न: आमचा बचत गटातून वाढलेला पापड, लोणची, कोकम सरबताचा गृहउद्योग आहे. पाकिटावर आणि पत्रकावर माझा फोटो असावा असं सगळ्या जणी म्हणतात. स्वयंपाकघरात काढला तर चेहरा काळवंडलेला येतो, डोळ्यांखाली खड्डे दिसतात. फिल्टर लावला तर सून हसते.
— गृहउद्योजिका, गुहागर

सुनेचं बरोबर आहे. फिल्टरने गोरी झालेली बाई आणि प्रदर्शनात स्टॉलवर बसलेली बाई या दोन वेगळ्या दिसल्या तर लोणच्याच्या रंगाविषयीही शंका येते. चेहऱ्याचा रंग आहे तसाच राहू द्या, उजेड तेवढा बदला.

डोळ्यांखालचे खड्डे वरच्या दिव्याने पडतात. छताची ट्यूब किंवा बल्ब डोक्यावरून खाली उजेड टाकतो, भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पडते. ती ट्यूब बंद करा आणि खिडकीला धरा. खिडकीच्या काचेला तोंड करून नव्हे, थोडं तिरकं उभं राहायचं, म्हणजे एका गालावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी उजेड येईल. खिडकीपासून साधारण तीन-चार फूट. अगदी चिकटून उभं राहिलात तर एक गाल पांढराफटक आणि दुसरा काळा होतो, कारण खिडकीपासून हातभर मागे सरकलं तरी जवळपणी उजेड झपाट्याने उतरतो. काळ्या राहिलेल्या बाजूला दोन-अडीच फुटांवर पांढरी चादर किंवा फ्लेक्सवाल्याकडचा पांढरा सनबोर्ड कुणालातरी धरायला सांगा. सनबोर्ड पुढे-मागे करून बघा. सावली पूर्ण पुसायची नाही, डोळा नीट दिसेपर्यंत उजळायची. थेट ऊन आत येत असेल तर खिडकीवर तलम पांढरी साडी किंवा मलमल ताणा.

कोकणातल्या घरात खिडक्या लहान असतात. मग पडवी वापरा. पडवीच्या कडेपासून हातभर आत, तोंड अंगणाकडे, सकाळी नऊच्या सुमारास किंवा दुपारी चारनंतर. दोन गोष्टी सांभाळा. शेजारी उघड्या जांभ्याची भिंत असेल तर तिचा तांबूस रंग गालावर चढतो. हिरव्या ऑइलपेंटची भिंत असेल तर चेहरा आजारी दिसतो. लाल मातीचं अंगणही खालून असाच रंग फेकतं. समोर जमिनीवर पांढरी चादर अंथरा, फरक लगेच दिसेल. जून ते सप्टेंबरच्या ढगाळ हवेत उजेड छान मऊ असतो, फक्त पाऊस थांबलेला हवा आणि दमट हवेने कपाळ चमकतं ते टिपायला साधा टिश्यू हाताशी हवा. टिश्यू पुसायचा नाही, दाबून उचलायचा. पावडर त्यानंतर, अगदी हलकी. आधी लावली तर घामावर तिचे पट्टे उमटतात.

काम करतानाचा फोटो हवा असेल तर डोक्यावर टोपी किंवा जाळी, हातात बांगड्या-अंगठ्या नाहीत, नखं कापलेली. हात पिठात आणि केस मोकळे असा फोटो दिसायला गोड असला तरी दुकानदार पाकीट हातात घेऊन नेमका तोच बघतो. उकळत्या आमसुलाची किंवा फोडणीची वाफ दिसायला हवी तर खिडकी पातेल्याच्या मागे आणि मागची भिंत गडद असावी. समोरून उजेड टाकला तर वाफ नाहीशी होते. मात्र तेव्हा तुमचा चेहरा काळा पडेल, म्हणून वाफेचा फोटो हातांचा काढा आणि चेहऱ्याचा वेगळा. दोन्ही एकाच फोटोत कोंबायला जाऊ नका.

प्रश्न: चष्म्यावर हिरवी चमक येते. चष्मा काढून फोटो काढू का?
— विमा सल्लागार, सोलापूर

नको. रोज चष्मा लावणारा माणूस चष्म्याशिवाय भलताच दिसतो आणि नाकावरचे दोन खळगेही उघडे पडतात. हिरवा रंग काचेवरच्या लेपाचा असतो आणि चमक समोरच्या दिव्याची किंवा खिडकीची असते. दिवा डोळ्यांच्या रेषेपेक्षा दोन-अडीच फूट वर आणि बाजूला घ्या, हनुवटी बोटभर खाली, आणि चष्म्याच्या दांड्या कानावरून अर्धा सेंटीमीटर उचला म्हणजे काचा खाली झुकतील. एवढ्यात चमक जाते. उन्हात काळी पडणारी काच असेल तर बाहेर फोटो काढूच नका. घरात येऊन पाच-दहा मिनिटं काच स्वच्छ होईपर्यंत थांबा. चष्म्याच्या दुकानातून त्याच फ्रेमची काच नसलेली जोडी मिळाली तर तीही चालते.

प्रश्न: मी एमबीबीएस, स्वतःचा दवाखाना आहे. फोटोग्राफर म्हणतो पाटीवर आणि लेटरहेडवर तुमचा मोठा फोटो टाकू, पेशंटला विश्वास वाटतो. टाकावा का?
— डॉक्टर, जळगाव

टाकू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचार नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे: डॉक्टरने स्वतःचा फोटो लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर छापणं म्हणजे स्वतःची जाहिरात आणि गैरवर्तन. मानवी शरीराची चित्रं, आकृत्या चालतात. डॉक्टरचा चेहरा चालत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. दवाखाना सुरू करणं, पत्ता बदलणं, सुट्टीवर जाणं आणि परत येणं अशा मोजक्या कारणांसाठी वर्तमानपत्रात औपचारिक निवेदन देता येतं.

फोटो काढून ठेवा जरूर. परिषदेतल्या भाषणाच्या पत्रिकेला, संस्थेच्या ओळखपत्राला, लेखाशेजारी तो लागतोच. शुभ्र ॲप्रन असेल तर मागची भिंत पांढरी नको, फिकट राखाडी किंवा निळसर घ्या. गळ्यात स्टेथोस्कोप घालून हाताची घडी घालायची पद्धत आता इतकी झाली आहे की तो फोटो कुठल्याही डॉक्टरचा वाटतो.

वकील वाचकांनीही हेच ध्यानात घ्यावं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ने वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे आणि ज्या खटल्यात आपण काम केलं त्या संदर्भात स्वतःचा फोटो छापून आणणंही त्यातच येतं. २००८ मध्ये संकेतस्थळाला मुभा मिळाली, पण नाव, पत्ता, सनदीचा तपशील, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरलेली यादी देऊनच.

प्रश्न: एमआयडीसीत माझं सीएनसी मशिनिंगचं युनिट आहे. परदेशी ग्राहकाला कंपनीची माहितीपुस्तिका पाठवायची आहे. शॉपफ्लोअरवर माझा फोटो घेतला तर चेहरा हिरवट येतो आणि काही फोटोंत आडवे काळे पट्टे पडतात. मागे सगळा पसारा दिसतो तो वेगळाच.
— लघुउद्योजक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर

काळे पट्टे विजेचे आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटरचा वेग १/२५० किंवा १/५०० सेकंद ठेवला की हे चढउतार पट्ट्यांच्या रूपाने उतरतात. शटर १/१०० किंवा १/५० ला आणा, पट्टे जातात. १/५० ला हात आणि माणूस दोघंही स्थिर हवेत, म्हणून ट्रायपॉड. मोबाइलच्या "प्रो" मोडमध्येही हे जमतं.

हिरवटपणाची कारणं दोन असू शकतात. जुने मेटल हॅलाइड दिवे किंवा छतात बसवलेले फायबरचे पत्रे. दिवसा त्या पत्र्यांतून येणारं ऊन हिरवं-पिवळं होऊन खाली येतं आणि एलईडीच्या पांढऱ्यात मिसळतं. दोन रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर आले की नंतर संगणकावर एक गाल सुधारावा तर दुसरा बिघडतो. त्यामुळे तुम्ही उभे राहाल तिथला पत्रा ताडपत्रीने झाका किंवा संध्याकाळी सातनंतर फोटो घ्या, म्हणजे एकाच जातीचा उजेड उरतो. पहिल्या फोटोत हातात राखाडी कार्ड धरा. त्यावरून रंग एकदा बसवला की पुढचे सगळे फोटो त्याच मापाने सुधारता येतात.

फोटोग्राफर आणत असाल तर त्याला हे सांगा: ९० ते १२० सेंटीमीटरचा एक सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढची पांढऱ्या कापडाची पेटी), चेहऱ्यापासून चार-पाच फुटांवर, ४५ अंश बाजूला, डोक्याच्या थोडा वर. उंच पत्र्याच्या छतावर फ्लॅश मारून काही परत येत नाही, तो अर्धा दिवस वाया जातो. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/४ ते एफ/५.६ (आकडा लहान तितकं भोक मोठं आणि मागचं जास्त धूसर). एफ/१.८ चा मोह बऱ्याच जणांना होतो, पण त्यात जवळचा डोळा कातीव आणि लांबचा धूसर येतो, मागची मशीन तर ओळखूच येत नाही. मग शॉपफ्लोअरवर कशाला काढला? फ्लॅशने चेहरा उजळायचा आणि शटरच्या वेगाने मागचा उजेड कमी-जास्त करायचा. पण इथे पट्टे परत येऊ नयेत म्हणून १/१०० ला मागचं जास्त उजळ वाटलं तर शटरला हात न लावता आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) उतरवा, फ्लॅश तेवढा वाढवा.

तुमच्यापासून मागची मशीन बारा-पंधरा फूट असावी. पसारा तेवढ्या अंतरावर आपोआप मऊ होतो, तरी धातूच्या चिप्सच्या (किसाच्या) ट्रॉल्या, चहाचे कप, खुंटीवरचे डबे आणि देवाच्या तसबिरीला लटकलेला सुकलेला हार आदल्या दिवशी हलवा. तसबीर राहू द्या, हार ताजा घाला.

आता खरं महत्त्वाचं. सेफ्टी शूज, गॉगल, जिथे सक्ती आहे तिथे हेल्मेट, हे सगळं अंगावर हवं. परदेशी खरेदी अधिकारी फोटोत आधी पाय बघतो. फिरत्या लेथजवळ टाय, सैल बाही किंवा हातमोजे घालून वाकलेला मालक असेल तर पुस्तिका तिथेच मिटते, कारण हातमोजा स्पिंडलमध्ये अडकतो हे शिकाऊ मुलालाही पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं असतं. मशीन बंद ठेवूनच फोटो घ्या. आणि टेबलावर पसरलेली ड्रॉइंग, स्क्रीनवरचा प्रोग्रॅम, पार्ट नंबर कोरलेले जॉब (तयार भाग) उचला. दुसऱ्या ग्राहकाचा भाग तुमच्या पुस्तिकेत दिसणं म्हणजे गोपनीयतेचा करार मोडणं. फोटोत कामगार ओळखू येत असतील तर त्यांची लेखी संमती एका कागदावर घेऊन ठेवा.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी साड्यांचं दालन चालवतो. फोटोसाठी पैठणी नेसावी की साधी साडी? आणि एकत्र फोटोत एकीची साडी छान येते, दुसरीची पांढरट.
— येवला

पैठणी नेसा, तो तुमचा मालच आहे. पण जरीचा पदर छातीवरून पसरवू नका, खांद्यावर चुण्या करून पिन लावा. जर आरशासारखी वागते. रुंद पदर समोरच्या दिव्याला तोंड करून आला की पांढरा ठिपका होतो आणि नजर चेहऱ्याऐवजी तिथे जाते. उजेड बाजूने आला तर तीच जर सोन्यासारखी दिसते. बारीक चौकड्या आणि उभ्या-आडव्या तलम रेघा मात्र टाळा. इरकलीचा बारीक वीण असलेला पोत किंवा बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या जाळीशी भांडतो आणि कापडावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा उठतात. त्या पुसणं कठीण.

एकीची साडी पांढरट येते कारण ती फिकट रंगाची आहे आणि कॅमेरा दोघींची सरासरी काढतो. दोघींनी गडदपणात जवळ असलेले रंग घ्यावेत, रंग वेगळे चालतील. दिव्यापासून दोघींचं अंतरही सारखं हवं. एक दिव्यापासून तीन फुटांवर आणि दुसरी सहा फुटांवर असेल तर दुसरीला चौथा हिस्सा उजेड मिळतो. दिवा लांब, दहा फुटांवर नेला की हा फरक कमी होतो. दोघी एकाच रेषेत उभ्या नसाल तर अॅपर्चर एफ/८.

कपाळाची टिकली खड्यांची नको. मंगळसूत्र सरळ आहे का, हे शेवटी कुणीतरी पाहून घ्यावं. फोटोत ते हमखास एका बाजूला गेलेलं असतं आणि ते छपाईनंतर दिसतं.

प्रश्न: कॅमेरा समोर आला की माझा चेहरा दगड होतो.
— बांधकाम व्यावसायिक, पनवेल

कारण तुम्हाला "स्माइल" म्हणून सांगतात आणि तुम्ही ते ऐकता. ओठ पसरतात, डोळे तसेच राहतात. फोटोग्राफरला आधीच सांगा की पहिले वीस फोटो वाया जाणार आहेत. कामाचं बोला: कुठल्या साइटवर स्लॅब कधी टाकला, आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी किती वाजता आली. बोलून वाक्य संपतं आणि तोंड मिटतं त्या क्षणाचा चेहरा चांगला असतो. बसणार असाल तर खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पाठ टेकू नका. उभे असाल तर वजन मागच्या पायावर. खांदे कानापर्यंत चढवून एकदम सोडा. कपाळ किंचित पुढे आणि हनुवटी किंचित खाली. आरशात हे विचित्र वाटतं, समोरून मात्र जबड्याची रेघ स्वच्छ दिसते आणि दुहेरी हनुवटी जाते. हात कुठे ठेवायचे सुचत नसेल तर हातात रोजची वस्तू घ्या, टेप, डायरी, नकाशाची गुंडाळी. साठ-सत्तर फोटोंतून दोन-तीन चांगले निघतात, ते कुणाच्याही बाबतीत. निवड स्वतः करू नका, घरच्यांनाही देऊ नका. रोज ज्यांच्याशी काम पडतं त्या दोघांना दाखवा.

प्रश्न: फोटोग्राफरला पूर्ण पैसे दिले. आता तो म्हणतो फोटो फक्त वेबसाइटला वापरा, होर्डिंगला वेगळे पैसे. हे बरोबर आहे का?
— ट्रॅव्हल व्यावसायिक, ठाणे

करारात काय लिहिलं होतं? काहीच नसेल तर कायदा तुमच्या बाजूला झुकतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ च्या परंतुकानुसार, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुम्ही. पण कोटेशनखालच्या बारीक अक्षरांत "वापर फक्त डिजिटल" असं लिहून तुम्ही सही केली असेल तर ते लागू. मूळ रॉ फाइल मिळतील की नाही, हाही कराराचाच भाग. कॉपीराइट तुमचा म्हणून कच्च्या फाइल आपोआप तुमच्या होत नाहीत.

पुढच्या वेळी कोटेशनवर एवढं लिहून घ्या: किती तास, सुधारलेले फोटो किती, पूर्ण आकाराच्या फाइल, छपाई व जाहिरातीसह सर्व वापर, किती दिवसांत, जीएसटीसह की वेगळा. फोटोग्राफरने ते त्याच्या पानावर दाखवावेत की नाही हेही त्याच कागदावर. अमेरिकेत धंदा करणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र सावध राहावं: तिथे मोबदला दिला तरी हक्क सहसा फोटोग्राफरकडेच राहतो, लेखी हस्तांतर केलं नसेल तर.

प्रश्न: फोटो उत्तम आला, पण फ्लेक्सवर चेहरा फुटला आणि तांबडालाल झाला.
— मिठाई विक्रेते, सातारा

फ्लेक्सवाल्याला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात ना? तिथे फोटो म्हणून पाठवला की तो लहान होऊन जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. हिशेब असा: फ्लेक्सवर तुमचा फोटो तीन फूट रुंद असेल तर ३६ इंच गुणिले इंचाला ७२ पिक्सेल, म्हणजे सुमारे २६०० पिक्सेल रुंदी हवी. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा पूर्ण फोटो तेवढा पुरतो. त्यातून नुसतं डोकं कापून मोठं केलं तर पुरत नाही. व्हिजिटिंग कार्डावर एक इंचाचा फोटो ३०० पिक्सेलमध्ये भागतो.

तांबडेपणा छपाईच्या शाईचा. पडद्यावरचे रंग उजेडाचे, कागदावरचे शाईचे; त्वचेचा रंग या बदलात आधी बिघडतो. छापण्याआधी त्याच मशीनवर हातभर नमुना मागा आणि दुकानाबाहेर नेऊन दिवसाउजेडी बघा. शंभर-दोनशे रुपयांसाठी फ्लेक्सवाला कुरकुरला तरी.

प्रश्न: एआयने बनवलेला सूटातला फोटो वापरला तर?
— सॉफ्टवेअर सेवा व्यावसायिक, पुणे

लांबून छान दिसतो. जवळून दात एकसारखे, कानाची पाळी दुसऱ्याची, भुवईवरची जुनी खूण गायब. पहिल्या भेटीत समोरचा माणूस क्षणभर थबकतो, आणि विक्री करणाऱ्याला ते परवडत नाही. एआयने मागची भिंत स्वच्छ केली, कॉलरवरचा डाग काढला, इतपत ठीक. चेहऱ्याला हात लावू देऊ नका.

प्रश्न: दर वर्षी नवा फोटो काढायचा का? आमच्याकडे बारा जण आहेत, प्रत्येकाचा फोटो वेगळ्याच भिंतीसमोर आहे.
— करसल्लागार कार्यालय, नाशिक

दर वर्षी नको. दाढी ठेवली, चष्मा लागला, केस पांढरे सोडले, दहा-बारा किलो फरक पडला, की बदला. एरवी तीन वर्षं चालतो.

बारा जणांसाठी एकच जागा ठरवा आणि ती मोजून ठेवा. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने तीन खुणा: माणसाचे पाय, ट्रायपॉड, दिव्याचा स्टँड. माणूस भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे, म्हणजे भिंतीवर सावली पडत नाही. दिव्याची उंची, लेन्स, अॅपर्चर, शटर, आयएसओ एका कागदावर लिहून त्या जागेचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. भिंत फिकट राखाडी. नवा माणूस सहा महिन्यांनी आला तरी दहा मिनिटांत त्याचा फोटो बाकीच्यांशी जुळेल. चेहरा चौकटीच्या साधारण ६० टक्के उंचीत बसवा आणि चारी बाजूंनी जागा सोडा. लिंक्डइन आणि व्हॉट्सॲप फोटो गोल कापतात, त्यात कपाळ आणि हनुवटी जाते. लिंक्डइनला किमान ४०० बाय ४०० पिक्सेल द्या. फाइलला नाव देताना माणसाचं नाव आणि वर्ष घाला, नाहीतर पुढच्या वेळी "फायनल-नवा-खरा-२" मधला कोणता छापायचा हे कुणालाच आठवत नाही.